पंख थांबवणारा प्रकाश

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातला छताचा पंखा तुम्ही रोज पाहता. तो बंद असताना त्याची तिन्ही पाती वेगवेगळी दिसतात. बटण दाबले, की थोड्याच वेळात पाती दिसेनाशी होतात आणि नुसते एक करडे वर्तुळ उरते. पाती कोठे गेली? ती तेथेच आहेत. पण आपली नजर त्यांच्यामागे धावू शकत नाही. आता अशा एका पक्ष्याची कल्पना करा, ज्याचे पंख एका सेकंदात पन्नास वेळा हलतात. त्याचे छायाचित्र काढायचे आणि त्यात पंखाचे एकेक पीस स्पष्ट दिसले पाहिजे. हे जमेल का? ज्यांनी हे जमवून दाखवले, त्या हॅरॉल्ड एजर्टन यांची ही गोष्ट आहे.

हॅरॉल्डचा जन्म ६ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, फ्रीमाँट या गावी झाला. त्याचे बालपण त्याच राज्यातल्या ऑरोरा या लहानशा गावात गेले. त्याचे काका छायाचित्रकार होते. कॅमेरा कसा धरावा, अंधाऱ्या खोलीत फिल्म कशी धुवावी, हे तो त्यांच्याकडून शिकला. सुट्टीत तो वीज कंपनीत काम करी. छायाचित्रण आणि वीज या दोन्ही गोष्टींची गोडी त्याला अशी लहानपणीच लागली. पुढे या दोन आवडी एकत्र येतील, हे तेव्हा त्याला तरी कोठे ठाऊक होते!

१९२५ साली एजर्टन नेब्रास्का विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढच्या शिक्षणासाठी ते केंब्रिज शहरातील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एम. आय. टी.मध्ये गेले. हे केंब्रिज इंग्लंडमधले नव्हे, अमेरिकेतले. तेथे ते विजेच्या मोठ्या मोटारींचा अभ्यास करत होते. मोटारीवरचा भार एकाएकी बदलला, तर तिचा फिरणारा भाग कसा वागतो, हे त्यांना पाहायचे होते. पण तो भाग इतका जोरात फिरे, की काहीच दिसत नसे. तुमच्या पंख्यासारखीच गत!

एके दिवशी त्यांच्या लक्षात एक गंमत आली. प्रयोगशाळेत पाऱ्याच्या वाफेच्या नळ्या लुकलुकत होत्या आणि त्या प्रकाशात फिरणारी मोटार चक्क थांबल्यासारखी दिसत होती. असे का व्हावे? मोटारीचा एक फेरा पूर्ण झाला, की प्रत्येक वेळी नेमका त्याच क्षणी प्रकाश पडत होता. मधल्या अंधारात मोटार कोठे गेली, ते डोळ्यांना कळतच नव्हते. इतर कोणी असता, तर नवल करून पुढे गेला असता. एजर्टन तेथेच थांबले आणि विचार करू लागले. आपल्या मर्जीप्रमाणे लुकलुकणारा तेजस्वी दिवा त्यांनी तयार केला. अशा उपकरणाला स्ट्रोबोस्कोप म्हणतात. १९३१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे विद्यार्थी त्यांना प्रेमाने ‘डॉक’ म्हणू लागले.

मोटार पाहून झाल्यावर त्यांनी तो दिवा नळाच्या धारेकडे वळवला. धार काचेसारखी गोठलेली दिसली. मग त्यांचे लक्ष जगातल्या वेगवान गोष्टींकडे गेले आणि त्यांतच एक होता हमिंगबर्ड.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो. आपल्याकडे फुलांवर दिसणारा इवलासा शिंजीर वेगळा. तो हमिंगबर्ड नव्हे. अमेरिकेच्या पूर्व भागातला लाल गळ्याचा हमिंगबर्ड जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा असतो. तो फुलासमोर हवेत एकाच जागी तरंगतो आणि मध पितो. त्या वेळी त्याच्या पंखांचा नुसता धूसर पट्टा दिसतो आणि गुणगुण ऐकू येते.

मित्रांनो, येथे थोडे गणित करू. या पक्ष्याच्या पंखाचे टोक एका सेकंदात सुमारे १० मीटर अंतर कापते. कॅमेऱ्याचे झाकण, म्हणजे शटर, सेकंदाचा हजारावा भाग उघडले, तर तेवढ्यात टोक १ सेंटिमीटर सरकते. पंखच मुळी ४ सेंटिमीटर लांब! मग चित्र पुसट येणारच.

अडचण एवढीच नव्हती. काही कॅमेऱ्यांत फिल्मसमोर पडदा असतो. वेगवान छायाचित्र घेताना त्या पडद्याची अरुंद फट फिल्मवरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. ती दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पंखाने जागा बदललेली असते. त्यामुळे चित्रात पंख वाकडा किंवा ताणलेला दिसतो. आजच्या बऱ्याच मोबाइल फोनमध्येही असेच घडते. फोन चित्राच्या ओळी एकामागून एक टिपतो. म्हणून फिरत्या पंख्याची पाती फोटोत वाकलेली दिसतात.

मग उपाय काय? एजर्टन यांनी प्रश्नच उलटा केला. शटर पळवत बसण्यापेक्षा प्रकाशच क्षणभर पाडला तर? त्यांनी कंडेन्सरमध्ये वीज साठवली आणि वायूने भरलेल्या नळीतून ती एकदम सोडली. हौद हळूहळू भरावा आणि फळी काढून एका झटक्यात रिकामा करावा, तसे. त्यांच्या दिव्याची चमक सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढी छोटी असू शके. तेवढ्या काळात पंखाचे टोक किती सरकेल? एक दशांश मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीएवढे! शिवाय चमकेच्या वेळी फिल्म पूर्ण उघडी असे आणि सगळ्या चित्रावर एकदमच प्रकाश पडे. त्यामुळे पंख वाकडा दिसण्याचे कारणच उरले नाही.

पक्ष्याला बोलावण्यासाठी काचेच्या नळीत गोड पाणी ठेवले जाई. कॅमेरा त्या जागेवर आधीच रोखलेला असे. पक्षी आला, चमक झाली आणि जे कोणाच्याही डोळ्यांनी पाहिले नव्हते, ते चित्रात उतरले. हवेत तरंगताना हा पक्षी पंख पुढे-मागे हलवतो आणि प्रत्येक वेळी ते मनगटासारखे उलटे वळवतो, हे लोकांना स्पष्ट दिसले. १९४७ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने एजर्टन यांची हमिंगबर्डची छायाचित्रे छापली.

आजचे छायाचित्रकारही हीच युक्ती वापरतात. ते शटरचा वेग साधारण १/२०० सेकंद ठेवतात, कारण तेव्हा सारे चित्र एकदम उघडे असते. फ्लॅशची शक्ती सोळाव्या किंवा बत्तिसाव्या भागापर्यंत कमी करतात. शक्ती कमी केली, की चमक लवकर संपते. प्रकाश कमी पडू नये म्हणून दोन-तीन फ्लॅश पक्ष्याच्या जवळ लावतात. भिंगाचे छिद्रही लहान ठेवतात. नाहीतर उन्हामुळे पंखाची दुसरी, पुसट सावली चित्रात उमटते.

एजर्टन यांची चिकाटी विलक्षण होती. दुधाचा थेंब पडताना उडणारा मुकुट त्यांनी १९३० नंतरच्या दशकात टिपला. तरी समाधान झाले नाही. ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. त्यांचे प्रसिद्ध रंगीत चित्र १९५७ सालचे आहे. जग त्यांना कलावंत म्हणे. ते मात्र स्वतःला अभियंताच मानत.

त्यांचा प्रकाश युद्धातही गेला. १९४४ साली विमानांतून रात्री नॉर्मंडीची छायाचित्रे घेण्यासाठी त्यांचे प्रचंड फ्लॅश वापरले गेले. पुढे त्यांच्या कंपनीने अणुस्फोटांचीही चित्रे टिपली. जो प्रकाश ३ ग्रॅमच्या पक्ष्यावर पडला, तोच विनाशाच्या साधनांवरही पडला. विज्ञान हातात आले, की ते कशासाठी वापरायचे हा प्रश्नही हातात येतो. तुम्हीही कधीतरी या प्रश्नासमोर उभे राहाल.

१९५३ पासून एजर्टन यांनी झाक कूस्तो यांच्याबरोबर समुद्राच्या तळाची छायाचित्रे घेतली. जहाजावरचे लोक त्यांना ‘पापा फ्लॅश’ म्हणत. १९७३ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. एवढा मान मिळूनही त्यांच्या प्रयोगशाळेचे दार विद्यार्थ्यांसाठी उघडे असे. आपल्याला येते ते दुसऱ्याला शिकवण्यात त्यांना आनंद वाटे. ४ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, एम. आय. टी.च्या आवारातच त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, प्रयोगशाळेतला तो लुकलुकणारा प्रकाश म्हणजे इतरांच्या दृष्टीने एक साधी गंमत होती. एजर्टन यांनी तिला प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत तिचा पिच्छा सोडला नाही. आज घरी गेल्यावर तुम्हीही पंख्याकडे जरा नीट पाहा. प्रश्न तेथेही फिरतो आहे.

स्वाध्याय

१. फिरणारी मोटार एजर्टन यांना थांबल्यासारखी का दिसली?
२. पडद्याच्या शटरमुळे पक्ष्याचा पंख वाकडा का दिसतो?
३. पंखाचे टोक सेकंदाला १० मीटर जाते, तर सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात ते किती सरकेल?
४. ‘एजर्टन यांनी प्रश्नच उलटा केला’, म्हणजे काय केले? तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : पिच्छा न सोडणे, नवल करणे, गोडी लागणे.