सागर विद्यापीठाचे जनक : डॉ. सर हरिसिंग गौर

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, असा प्रघात आहे. बहुधा ते ज्ञातीतील पुरुषाचेच असते, व ते योग्यही आहे. यंदा मात्र आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांस सादर करीत आहोत ते डॉ. सर हरिसिंग गौर आपल्या ज्ञातीतले नव्हते, आणि त्यांची मातृभाषाही मराठी नव्हती. असे असूनही त्यांचा परिचय आपल्या बंधुभगिनींस व्हावा, असे आम्हांस मनापासून वाटते. जन्मभर कष्टाने मिळविलेल्या द्रव्याचे अखेरीस काय करावे, हा प्रश्न प्रत्येक सुस्थित गृहस्थापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. या पुरुषाने त्या प्रश्नाला दिलेले उत्तर आज एका विद्यापीठाच्या रूपाने उभे आहे.

सागर हे नाव मराठी वाचकास परके नाही. बुंदेलखंडातील हे गाव एका विस्तीर्ण तलावाच्या काठी वसलेले आहे. पेशव्यांचे मातब्बर सुभेदार गोविंदपंत बुंदेले यांनी अठराव्या शतकात येथे आपले ठाणे केले आणि गावास ऊर्जितावस्था आणली. हेच गोविंदपंत पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या डिसेंबरात मारले गेले. पुढे १८१८ साली हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला. सागरात १८३६ साली एक सरकारी विद्यालय निघाले होते, व त्या काळी एवढ्या आडबाजूच्या गावास ते मोठे भूषण होते. परंतु १८७३ साली ते जबलपूरला हलविण्यात आले. गावाच्या हातची विद्या गेली, ती परत यावयास सत्तरांहून अधिक वर्षे लागली. ती परत आणणारा पुरुष त्या वेळी सागरातच तीन वर्षांचा बालक होता.

हरिसिंगांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागर येथे झाला. घरची स्थिती बेताचीच होती. सागरात प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर पुढील शाळेसाठी त्यांना जबलपूरला व महाविद्यालयासाठी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात जावे लागले. त्यानंतर थोरल्या बंधूंच्या साहाय्याने ते विलायतेस गेले आणि केंब्रिजच्या डाऊनिंग कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान व कायदा यांचा अभ्यास केला, इंग्रजीत कविता लिहून प्रसिद्ध केल्या आणि १८९२ साली बॅरिस्टर होऊन ते स्वदेशी परतले. विद्येसाठी गाव सोडावे लागणे म्हणजे काय, हे त्यांनी अशा रीतीने एकदा नव्हे, तीनदा अनुभवले होते.

मध्यप्रांतात त्यांनी वकिली सुरू केली व नागपूर ही आपली कर्मभूमी केली. त्यांच्या वकिलीस अपार यश आले. परंतु केवळ पक्षकारांच्या कामात ते रमले नाहीत. मालमत्तेच्या हस्तांतरणाचा कायदा, भारतीय दंडविधान आणि हिंदू कायदा या तिन्ही विषयांवर त्यांनी विस्तृत ग्रंथ लिहिले. त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि देशभरच्या वकिलांच्या कपाटांत त्यांस मानाचे स्थान मिळाले. बौद्ध तत्त्वज्ञानाचीही त्यांस ओढ होती व त्या विषयावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. नागपूरकरांनी त्यांस नगरपालिकेचे अध्यक्षपद दिले, व ते त्यांनी १९१८ ते १९२२ या काळात सांभाळले.

१९२१ पासून पुढे बरीच वर्षे ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. हिंदुस्थानातील अंतिम अपिलांसाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे धाव घ्यावी लागू नये, देशातच सर्वोच्च न्यायालय असावे, ही मागणी त्यांनी त्या सभागृहात १९२१ सालीच मांडली. स्त्रियांना वकिलीची सनद मिळण्यात असलेली आडकाठी दूर व्हावी म्हणून त्यांनी ठराव आणला, आणि १९२३ च्या कायद्याने ती आडकाठी दूर झाली. १९२५ साली सरकारने त्यांस सर हा किताब दिला.

यापुढील गोष्ट ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत सांगताना क्षणभर संकोच वाटावा अशी आहे. पण ती वगळणे म्हणजे चरित्रनायकाशी अप्रामाणिकपणा होईल. १८७२ च्या विवाहविषयक कायद्याप्रमाणे नोंदणी पद्धतीने विवाह करणाऱ्या हिंदू वधूवरांस आपण हिंदू धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागत असे. दोन भिन्न जातींच्या वधूवरांस दुसरा मार्ग जवळजवळ नव्हताच. ही अट काढण्याचा किंवा मिश्र विवाह वैध ठरविण्याचा यत्न आधी भूपेंद्रनाथ बसू व विठ्ठलभाई पटेल यांनी केला होता, परंतु त्यांस यश आले नाही. गौरांनी तो धागा पुन्हा हाती घेतला आणि प्रखर विरोधास तोंड देऊन १९२३ साली ती दुरुस्ती मंजूर करविली. त्यामुळे हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपला धर्म न सोडता परस्परांत विवाह करता येऊ लागला. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांस हे आजही रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. पण माणसाच्या जातीपेक्षा त्याचा विवेक थोर मानणारा हा पुरुष दान करतानाही जात पाहणार नव्हता, हे ध्यानी यावे म्हणून आम्ही ही हकीकत मुद्दाम दिली आहे.

विद्यापीठाचा कारभार गौरांस नवा नव्हता. १९२२ साली दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच होते. त्या वेळी त्या विद्यापीठाजवळ अवघी तीन कॉलेजे व साडेसातशेच्या सुमारास विद्यार्थी होते. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांच्याकडे दोनदा आले. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले, तेव्हा मराठी व हिंदी असे दोन्ही भाग त्याच्या छायेखाली होते. प्रांताच्या उत्तरेकडील बुंदेलखंडासारख्या मुलखातून नागपूर फार दूर पडे. सामान्य घरच्या मुलास तेथवर जाऊन राहणे परवडत नसे, हे गौरांस कोणी सांगावयास नको होते. ते स्वतः त्याच वाटेने गेले होते.

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मनुष्य सहसा नातवंडांत रमतो. गौरांनी त्या वयात आपल्या जन्मगावी विद्यापीठ स्थापण्याचा संकल्प सोडला आणि त्यासाठी आपल्या कमाईतून वीस लाख रुपये काढून दिले. त्या काळचे वीस लाख म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना वृद्ध वाचकांस करून द्यावयास नको. ही रक्कम कोणा संस्थानिकाच्या खजिन्यातली नव्हती, की गिरणीच्या नफ्यातली नव्हती. एका वकिलाने बुद्धीच्या व परिश्रमाच्या जोरावर मिळविलेली ती कमाई होती. प्रांतात सागराहून मोठी शहरे होती व त्यांचा दावा वरवर पाहता बळकट होता. परंतु गौर सागराचा आग्रह सोडणारे नव्हते. १८ जुलै १९४६ रोजी सागर विद्यापीठ अस्तित्वात आले आणि संस्थापक स्वतःच त्याचे पहिले कुलगुरू झाले.

प्रारंभी विद्यापीठास स्वतःची इमारत नव्हती. महायुद्ध नुकतेच संपले होते. सागरनजीक मकरोनिया येथे लष्कराच्या बराकी होत्या, तेथेच वर्ग सुरू झाले. जेथे काल शिपायांच्या पलटणी राहत होत्या, तेथे आज विद्यार्थी पुस्तके उघडून बसू लागले. प्रांतातील हिंदी जिल्ह्यांतील कॉलेजे नागपूरकडून या नव्या विद्यापीठाकडे आली. कुलगुरूपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले, आणि मृत्युपत्राने आपल्या संपत्तीचा मोठा भाग विद्यापीठाच्याच नावे केला.

याच काळात ते घटना समितीचेही सभासद होते. राज्यघटना स्वीकृत झाली तो २६ नोव्हेंबर १९४९ हा दिवस त्यांचा एकोणऐंशीवा वाढदिवस होता. त्यानंतर महिन्याभरातच, २५ डिसेंबर १९४९ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या सर्वोच्च न्यायालयाची मागणी त्यांनी १९२१ साली केली होती, ते १९५० च्या जानेवारीत सुरू झाले. ते पाहण्याचे भाग्य त्यांस थोडक्यात लाभले नाही.

संस्थापकामागे संस्था टिकते की नाही, यावरच दानाची खरी परीक्षा होते. सागरचे विद्यापीठ टिकले आणि वाढले. बराकी सोडून ते गावालगतच्या पथरिया टेकडीवर गेले. हिंदी विभाग नंददुलारे वाजपेयींसारख्या नामांकित समीक्षकांनी नावारूपास आणला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी संचालक डब्ल्यू. डी. वेस्ट निवृत्तीनंतर येथे आले व त्यांनी उपयोजित भूविज्ञानाचा विभाग उभारला. १९५९ साली गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञान यांचा विभाग निघाला, आणि दंडविधानावर ग्रंथ लिहिणाऱ्या संस्थापकास तो शोभेलसाच होता. कृष्णदत्त बाजपेयींच्या नेतृत्वाखाली एरण या सागर जिल्ह्यातील गुप्तकालीन स्थळाचे उत्खनन झाले. पुढे जबलपूर, रायपूर, रीवा येथे नवी विद्यापीठे निघाली आणि सागरचे कार्यक्षेत्र आटत गेले. पण आपल्या परिसरात विद्यापीठे निघावीत, याहून संस्थापकाचा दुसरा हेतू तरी कोणता होता? १९८३ साली विद्यापीठास गौरांचे नाव देण्यात आले, व २००९ साली ते केंद्रीय विद्यापीठ झाले. हयातीत स्वतःचे नाव त्यांनी दिले नव्हते. दिले होते ते गावाचे.

आम्ही तालुक्याच्या शाळेत आयुष्य घालविले. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारी मुले जवळ कॉलेज नाही व शहरात राहावयास ठिकाण नाही म्हणून दुकानात वा शेतात गेलेली आम्ही पाहिली आहेत. आम्ही स्वतःही मॅट्रिकच्या पुढे जाऊ शकलो नाही, त्याचे कारणही तेच. म्हणून या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी वाचताना आमच्या मनात एक विचार येतो. मंगलकार्यालयास व सभागृहाच्या फरशीस देणग्या मिळतात, त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. परंतु मंडळाच्या विद्यार्थिवसतिगृहाचा निधी मात्र दरवर्षी अपुराच राहतो. वीस लाख देणे आपल्यापैकी कोणास शक्य नसेल. एका मुलाच्या दोन वर्षांच्या राहण्याजेवणाचा खर्च उचलणे पुष्कळांस शक्य आहे. आणि खोली शिल्लक असेल तर ती परज्ञातीच्या होतकरू मुलासही द्यावी, अशी आमची मंडळाच्या कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. सागरच्या विद्यापीठाची दारे ज्याने उघडली, त्याने आपल्या मुलांसही कधी जात विचारली नव्हती.