प्लेटोने बुडविलेले नगर

समुद्रात बुडालेल्या नगरांचा विषय निघाला की आपल्या बायकांत आधी द्वारकेचे नाव निघते आणि पाठोपाठ कोणीतरी अटलांटिसचे काढते. द्वारकेची कथा कोणा एकाची नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनांतून, पुराणांतून आपल्यापर्यंत आली. अटलांटिसचे तसे नाही. ते एकाच माणसाच्या लेखणीतून उतरले. त्याच्या आधीच्या ग्रंथांत त्याचा मागमूस नाही. तो माणूस म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. त्याचे आयुष्य पाहिले म्हणजे हे नगर त्याने का उभारले आणि का बुडविले, हे मला उमगते.

प्लेटोचा जन्म इ. स. पू. ४२७ च्या सुमारास अथेन्समधील एका मोठ्या घराण्यात झाला. थोर कायदेकार सोलोन ह्याच्याशी त्याच्या आजोळचे नाते सांगत. त्या वेळी अथेन्स व स्पार्टा यांचे युद्ध पेटलेले होते. अथेन्सची सारी मदार आरमारावर. प्लेटो बारा वर्षांचा असेल-नसेल, तेव्हा, इ. स. पू. ४१५ मध्ये, सिसिली बेट जिंकण्यासाठी मोठ्या थाटाने आरमार निघाले. दोन वर्षांत ते सारे नष्ट झाले. गेलेल्यांपैकी फार थोडे घरी परतले. अशा गावात किती घरांत रडारड झाली असेल, हे भगिनींना सांगायला नको. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण गेले. मग तीस जणांची जुलमी सत्ता आली आणि तिच्यातला एक म्होरक्या प्लेटोच्या आईच्याच नात्यातला होता. ती सत्ता गेली, लोकशाही परत आली आणि त्याच लोकशाहीने इ. स. पू. ३९९ मध्ये त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसाला, विषाचा पेला दिला.

प्लेटो काही काळ प्रवासात होता. पुढे इ. स. पू. ३८७ च्या सुमारास त्याने अथेन्सच्या वेशीबाहेर आपले विद्यापीठ, अकॅडमी, स्थापन केले. तेथे लास्थेनिया आणि अॅक्सिओथिया ह्या दोन स्त्रिया शिकत होत्या, असे जुने चरित्रकार नमूद करतात. कुलीन अथेनियन स्त्रीने उंबरा ओलांडू नये असा तो काळ! आदर्श राज्यात योग्यता असलेल्या स्त्रीनेही राज्यकारभार करावा, हे त्याने आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडले. एवढ्याकरिता तरी आपल्या मंडळाने त्याची आठवण ठेवावी. सिराक्यूजच्या तरुण राजाला शहाणपण शिकविण्यासाठी तो साठीच्या घरात दोनदा सिसिलीला गेला आणि दोन्ही वेळा हात हलवीत परतला.

ह्याच काळात, इ. स. पू. ३७३ च्या हिवाळ्यात, कोरिंथच्या आखातावरील हेलिके नावाचे नगर भूकंपाने एका रात्रीत कोसळले आणि पाण्याखाली गेले. तेथे नांगरलेली स्पार्टाची दहा जहाजेही नाहीशी झाली. ही वार्ता सगळ्या ग्रीसभर झाली. प्लेटो तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता.

त्यानंतर काही वर्षांनी त्याने अटलांटिसची कथा लिहिली. सोलोनाने ती इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून ऐकली आणि ती घराण्यात आजोबांकडून नातवाकडे आली, अशी तिची मांडणी आहे. जिब्राल्टरच्या पलीकडे एक बेट, मध्ये नगर, भोवती पाण्याची व जमिनीची आळीपाळीने कडी, धातूने मढविलेले तट, अफाट आरमार. राजे आरंभी सात्त्विक होते. पुढे लोभ शिरला. त्यांनी जग जिंकायला घेतले, तेव्हा साध्यासुध्या प्राचीन अथेन्सने त्यांना हरविले. मग एका दिवस-रात्रीत बेट समुद्राने गिळले. पण त्याच वेळी अथेन्सचे विजयी सैन्यही भूमीने गिळले, हा भाग सांगायला बरेच जण विसरतात!

मला तर वाटते, ते आरमारी नगर म्हणजे प्लेटोच्या लहानपणचे अथेन्सच. आपल्या गावाला त्याचा गर्व परक्याच्या नावाने दाखविला. आपल्या मौसलपर्वातही यादवांचा मद आधी आणि समुद्र नंतर येतो.

लोकांनी मात्र त्या कथेत नकाशा शोधला. १८८२ साली अमेरिकेतील इग्नेशियस डॉनेली याने अटलांटिस खरे मानून जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून ते शोधणाऱ्यांची रीघ लागली. आजवर त्यातल्या कोणाच्याही दाव्याला पुरातत्त्वाचा आधार मिळालेला नाही. हेलिके मात्र खरोखर सापडले. पुष्कळ वर्षे ते समुद्रात शोधले जात होते. २००१ साली त्याचे अवशेष किनाऱ्यापासून आत, शेतांच्या खाली, हाती लागले. नद्यांच्या गाळाने किनाराच पुढे सरकला होता. त्या शोधाचे नेतृत्व करणाऱ्यांत डोरा कात्सोनोपुलू ही ग्रीक विदुषी होती.

अटलांटिसची कथा प्लेटोने पुरी केली नाही. देवराज झ्यूस सर्व देवांना बोलावतो, आता काही बोलणार, इतक्यात वाक्य तुटते. नंतर त्याने कायद्यांवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला आणि इ. स. पू. ३४७ मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन, तो अथेन्समध्येच वारला.