सहा सेंटिमीटरची फट

एकतीस मार्चला बँकेच्या शाखेत ठेवी फुगतात आणि दोन एप्रिलला ओसरतात, हे बँकेत हयात घालवलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यात खोटी नोंद एकही नसते. ताळेबंद एका दिवसाचा, व्यवहार वर्षभराचा. मधल्या फटीत हुशार माणसांची सोय होते. शर्यतीच्या मोटारी घडवणाऱ्या कॉलिन चॅपमन यांचे आयुष्य पाहताना मला ही फट सारखी आठवते.

१९२८ मध्ये इंग्लंडमधल्या रिचमंडला ते जन्मले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकले. १९५१ च्या सुमारास, छोट्या ऑस्टिन सेव्हनच्या शर्यतींत, इंजिनात इंधन नेणारी सामायिक वाट त्यांनी मध्ये पडदा घालून दुभागली. त्यांची गाडी मग कुणाला सापडेना. नियमात मनाई नव्हती. ती नंतर आली.

पुढे हेच घडत राहिले. त्यांच्या लोटस गाड्यांत बसून जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये जगज्जेते झाले. १९६९ मध्ये बार्सिलोनाला दोन्ही लोटस गाड्यांचे उंच पंख धावताना मोडले, अपघात झाले. त्यानंतर पंखांच्या उंचीवर मर्यादा आली. हलकेपणाच्या या हव्यासाला जिवाची जोखीम जडलेली होती, हेही विसरता येत नाही.

१९७८ मध्ये मारिओ आंद्रेती लोटसमधून जगज्जेते झाले. त्या गाडीचे पोट उलट्या पंखासारखे होते. बाजूच्या झालरी जमिनीला टेकून हवा अडवत आणि गाडी रस्त्याला चिकटे. वळणावरचा वेग भीती वाटण्याइतका वाढला. म्हणून १९८१ साठी सरकत्या झालरी बंद झाल्या आणि गाडीची बॉडी जमिनीपासून सहा सेंटिमीटर वर हवी, असे ठरले.

पण मोजायचे कधी? ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीखाली फूटपट्टी कोण धरणार? माप उभ्या गाडीचे घेतले जाई. ब्रॅबहॅम संघाची गाडी धावताना हवेच्या दाबाने खाली बसे आणि वेग कमी होताच पुन्हा वर उठे. ती चालली. चॅपमन यांनी लोटस ८८ मध्ये एकात एक असे दोन सांगाडे बसवले: बाहेरचा हवेचा दाब झेलून खाली बसणारा, आतला चालकाला सांभाळणारा. ती मात्र बाद झाली. ते संतापले, त्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. एका पळवाटेला माफी आणि दुसरीला शिक्षा, हा कसला न्याय?

१६ डिसेंबर १९८२ रोजी, चोपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. हिशेब मागे राहिला. डी लोरियन मोटार प्रकल्पातल्या पैशांच्या अफरातफरीत लोटसच्या वित्तप्रमुखाला १९९२ मध्ये बेलफास्टला तुरुंगवासाची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षे दिली असती, असे न्यायाधीशांनी सुनावले. तिथे मात्र नियमातली फट नव्हती. सरळ लबाडी होती. एका सवयीतून दुसरी केव्हा उगवते, हे माणसाला स्वतःलाही कळत नसावे.

१९९४ मध्ये गाड्यांच्या पोटाखाली दहा मिलिमीटर जाडीची फळी आली. ती एक मिलिमीटरहून जास्त झिजली तर गाडी बाद. त्याच वर्षी बेल्जियममध्ये जिंकलेल्या मायकेल शूमाकर यांचा विजय त्यावरून गेला. उभ्या गाडीला मापात बसवता येते. झीज मात्र सगळ्या धावेची साक्ष देते. आमच्या ताळेबंदाला अशी फळी कुणी लावली नाही.