गिटारच्या ‘वाह’मागे कोण आहे? बारावीच्या पुस्तकातल्या ‘हेन्री’ची गोष्ट

गिटार वाजता वाजता एकदम माणसासारखी ‘वाऽह’ करायला लागते, हे तुम्ही ऐकलं असेलच. ही कमाल वादकाच्या पायाखालच्या वाह पेडलची. १९६० च्या दशकात जिमी हेंड्रिक्सच्या गिटारने हा आवाज जगभर पोहोचवला.

या पेडलच्या पोटात तारेची एक छोटी गुंडाळी असते, तिला इंडक्टर म्हणतात. हौशी मंडळी तिच्यावर भलतेच प्रयोग करतात. गुंडाळीजवळ लोहचुंबक धरायचं, आतल्या गाभ्यात थोडं चुंबकत्व मुरवायचं आणि आवाज कसा बदलतो ते ऐकायचं. गाभा चुंबकत्वाने भरत गेला की गुंडाळीचा इंडक्टन्स कमी होतो आणि ‘वाह’ वरच्या पट्टीकडे सरकतो.

हा इंडक्टन्स मोजायचं एकक म्हणजे ‘हेन्री’. पेडलमधली गुंडाळी साधारण अर्ध्या हेन्रीची असते. बारावीच्या फिजिक्सला आपण हे एकक पाठ करतो, पण हा हेन्री कोण, हे कुणी विचारत नाही.

तर हे जोसेफ हेन्री. जन्म १७ डिसेंबर १७९७, अमेरिकेतल्या अल्बनी शहरात. घरची परिस्थिती बेताची, त्यात वडील लवकर गेले. पोरगा घड्याळं आणि चांदीकाम शिकायला लागला. वेड मात्र नाटकाचं. सोळाव्या वर्षी विज्ञानावरचं एक सोपं पुस्तक हाती पडलं आणि नाटक मागे राहिलं. अल्बनी अकॅडमीत फी माफ झाली म्हणून शिक्षण झालं आणि १८२६ मध्ये तिथेच ते शिक्षक झाले.

तेव्हा विद्युतचुंबक नुकताच आला होता, पण त्यात दम नव्हता. उघडी तार लोखंडावर सैलसर गुंडाळलेली असायची. हेन्रींनी तारेलाच इन्सुलेशन केलं आणि थरावर थर घट्ट गुंडाळले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी त्यांनी बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोंहून जास्त वजन उचललं. त्याच सुमारास त्यांनी एक मैलापेक्षा लांब तारेच्या दुसऱ्या टोकाची घंटा विजेने वाजवून दाखवली.

पण मास्तरकी करून प्रयोगाला वेळ मिळायचा तो सुट्टीत. चुंबकापासून वीज तयार होते, हे त्यांच्याही हाती लागलं होतं. लिहून छापायचं मात्र राहून गेलं. तिकडे लंडनमध्ये मायकल फॅरडे यांनी ऑगस्ट १८३१ मध्ये तोच प्रयोग केला आणि आधी जाहीर केला. श्रेय त्यांना गेलं.

१८३२ मध्ये हेन्रींनी घाईघाईने आपला लेख छापला. त्यात एक गोष्ट फॅरडेंच्याही आधीची होती. लांब तार बॅटरीपासून सोडवली की ठिणगी उडते आणि तीच तार गुंडाळली तर ठिणगी आणखी मोठी होते. म्हणजे प्रवाह बदलायला गेलं की गुंडाळी स्वतःच त्याला विरोध करते. हाच तो इंडक्टन्स!

खरी गंमत १८४२ ची. तेव्हा ते प्रिन्स्टनला शिकवत होते. लेडन जार म्हणजे त्या काळचा कपॅसिटर. त्यातली वीज गुंडाळीतून सोडून ते सुया चुंबकित करत होते. जार तसाच भरलेला, तरी काही सुयांचे उत्तर-दक्षिण ध्रुव उलटे यायचे. दुसऱ्या कुणी हात चुकला म्हणून सुई फेकून दिली असती. हेन्रींनी अर्थ काढला की वीज एकाच दिशेने जात नाही, ती झोक्यासारखी मागेपुढे हेलकावते.

गुंडाळी आणि कपॅसिटर यांच्यातला हाच झोका वाह पेडलमध्ये आहे. झोक्याच्या वेगाशी जुळणारे सूर उठून येतात, बाकीचे दबतात. वादक पाय हलवतो तेव्हा तो हा वेगच बदलत असतो.

हेन्रींचं आणखी एक काम आपल्या दाराशी आहे. देहूतून चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचारा, कंट्रोल पॅनलमध्ये टक्-टक् वाजतो तो रिले. छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करायची ही युक्ती हेन्रींनी १८३५ च्या सुमारास वापरली होती. पेटंट घेतलं नाही. विज्ञान सगळ्यांचं, असं त्यांचं मत. टेलिग्राफवर नाव कमावणाऱ्या सॅम्युअल मोर्स यांना त्यांनी सल्ला दिला. पुढे त्याच मोर्स यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली.

१८४६ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव झाले आणि स्वतःचे प्रयोग मागे पडले. १८६५ च्या आगीत त्यांची बरीच कागदपत्रं जळाली. १३ मे १८७८ ला वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. १५ वर्षांनी, १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत जगभरच्या विद्युत तज्ज्ञांनी इंडक्टन्सच्या एककाला त्यांचं नाव दिलं.

सुई उलटी आली तेव्हा ती बाजूला न टाकता हेन्रींनी कारण शोधलं. आज पेडल उघडून चुंबक धरणारा गिटारवालाही तेच करतोय.