अनवाणी पाय, मोकळा हात

रमजानमध्ये इफ्तारनंतरच्या गप्पांत जकात-सदक्याचा विषय हमखास निघतो. कोणाला किती द्यायचे, यतीम मुलांच्या ईदच्या कपड्यांचे काय, याचे हिशेब होतात. अशा दिवसांत मोहम्मद सलीम यांची आठवण काढण्यासारखी आहे. ते आलिम नव्हते, सूफी नव्हते. फुटबॉल खेळणारे एक साधे गृहस्थ होते.

सलीम यांचा जन्म १९०४ सालचा, कोलकात्याच्या मटियाबुर्जमधला. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह यांनी जिथे आपले उरलेले आयुष्य काढले, तीच ही वस्ती. मोहम्मडन स्पोर्टिंग क्लबने १९३४ मध्ये कोलकाता लीग जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब. मग १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे अजिंक्यपद त्याच्याकडेच राहिले. बूट घातलेल्या गोऱ्या पलटणींच्या संघांना हरवणाऱ्या या संघात सलीम उजव्या बगलेवरून खेळत आणि तेही अनवाणी, पायाला फक्त पट्ट्या बांधून. गुलामीच्या त्या काळात प्रेक्षकांना त्यांच्या खेळाचे किती अप्रूप वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९३६ मध्ये एक नातेवाईक त्यांना जहाजाने ब्रिटनला घेऊन गेले आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या दारात उभे केले. क्लबचे व्यवस्थापक विली मेली यांना आधी हा प्रकार गमतीचा वाटला. कसलेल्या व्यावसायिक खेळाडूंपुढे अनवाणी माणूस काय टिकणार? पण चाचणीत सलीम यांच्या पायातला चेंडू पाहून सगळे थक्क झाले. हॅमिल्टन आणि गॅल्स्टन या संघांविरुद्ध ते सेल्टिककडून उतरले. गॅल्स्टनविरुद्धचा सामना सेल्टिकने ७-१ असा जिंकला. वर्तमानपत्रांनी त्यांना जादूगाराच्या पंक्तीला बसवले. युरोपातल्या क्लबकडून खेळलेला भारतीय उपखंडातला पहिला खेळाडू म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

क्लबला त्यांना ठेवून घ्यायचे होते, पण सलीम यांचे मन घराकडे ओढ घेत होते. त्यांच्यासाठी एक धर्मादाय सामना ठेवून उत्पन्नाचा पाच टक्के वाटा देण्याची तयारी क्लबने दाखवली. सलीम यांनी तो स्वतःसाठी घेतला नाही. सामना पाहायला खास बोलावलेल्या अनाथ मुलांना तो द्यावा, असे त्यांनी सांगितले. मुलूख परका, मुले परक्या धर्माची. पण यतीम तो यतीम. योगायोग असा की, सेल्टिक क्लबही १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाने गरीब मुलांच्या पोटाला अन्न मिळावे, याच हेतूने स्थापन केला होता. एकाने मशिदीत शिकलेली गोष्ट दुसऱ्याने चर्चमध्ये शिकलेली होती.

सलीम मायदेशी परतले आणि पुन्हा मोहम्मडनच्या संघात खेळले. पुढे वर्षे गेली, मैदाने बदलली आणि नवी पिढी त्यांना विसरत गेली. म्हातारपणी ते आजारी पडले, तेव्हा त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहून वडिलांच्या उपचारासाठी पैशांची गरज असल्याचे कळवले. खरे तर त्याला पैसे नको होते. तिकडे आपल्या वडिलांची कोणाला आठवण आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते. उत्तर आले आणि सोबत शंभर पौंडांचा बँक ड्राफ्टही आला. मुलाने तो कधीच वटवला नाही. वडिलांची आठवण म्हणून जपून ठेवला.

१९८० मध्ये सलीम अल्लाहला प्यारे झाले. आज ग्लासगोतले सेल्टिकचे चाहते दोनच सामने खेळलेल्या या पाहुण्याची कथा कौतुकाने सांगतात. आपल्याकडे मात्र त्यांचे नाव क्वचितच कानावर येते. गोल कोणी किती केले, हे कालांतराने पुसट होते. हक्काचा वाटा यतीमांच्या ओंजळीत टाकून रिकाम्या हाताने घरी परतलेला माणूस मात्र लक्षात राहतो. यंदा जकातीचा हिशेब मांडताना हे अनवाणी पाय डोळ्यांसमोर आले, तर हात थोडा अधिक मोकळा होईल.