डॉ. कमला सोहोनी



पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं नाही. नुसती भाकर-मिरची खाऊनही पोट भरतं. पण वजन वाढत नाही, अंगात रक्त कमी राहतं, मूल सारखं आजारी पडतं. यालाच कुपोषण म्हणतात. ज्यांनी अन्नाचा आयुष्यभर अभ्यास केला, त्या डॉ. कमला सोहोनी यांची माहिती मी लिहिते आहे.

कमलाबाईंचं माहेरचं आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. मुंबईत बी.एस्सी. होऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. तिथले प्रमुख सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिनांमुळे आपलं शरीर वाढतं. नंतर त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकल्या. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या परत आल्या. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केलं. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं.

तिथे विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी गरिबांच्या खाण्यातल्या वस्तू तपासल्या. कडधान्यं तपासली, नीराही तपासली. नीरा म्हणजे ताडाच्या झाडाचा गोड रस. तो ताजाच प्यावा लागतो, राहिला की आंबतो. नीरेत त्यांना जीवनसत्त्वं आणि लोह सापडलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली कमलाबाई वारल्या.

यावरून मला कळलं की सकस अन्न महागच असतं असं नाही. आपल्या जालना जिल्ह्यात तूर, मूग, हरभरा पिकतो. भाकरीबरोबर घट्ट वरण, मोड आलेली मटकी, पालेभाजी आणि थोडं दूध नाहीतर अंडं असलं की झाला चौरस आहार! शाळेच्या खिचडीतली भाजी बाजूला काढू नका.

आणखी एक. पुष्कळ घरांत आई आणि ताई शेवटी जेवतात. तोवर वरण संपलेलं असतं. त्यांचं वरण आधीच वेगळं काढून ठेवा.

कमलाबाईंना माझा नमस्कार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी