इंजिन नसलेले विमान आणि वालचंदशेठ

बँकेच्या नोकरीत माझी पुण्याला बदली झाली होती, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी मुलाला घेऊन हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर गेलो होतो. लांब पंखांचे ते विमान जमिनीवरून तारेने खेचून वर चढवत. वर गेल्यावर तार सुटे आणि मग ते आवाज न करता घारीसारखे घिरट्या घाली. इंजिन नाही, मग पडत का नाही, असे मुलाने विचारले. मला धड उत्तर देता आले नाही. पण परतताना बसमध्ये मी त्याला आपल्या सोलापूरच्या एका माणसाची हकिकत सांगितली.

वालचंद हिराचंद दोशी हे त्या माणसाचे नाव. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणे मूळचे सौराष्ट्रातले, गुजराती जैन. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. मॅट्रिकनंतर मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज त्यांनी पाहिले, पण पदवी घेतली नाही. पेढीवर गादीला टेकून व्याज मोजण्यातही जीव रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी त्यांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारी सुरू केली. पुढे बोरघाटातले बोगदे झाले, तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणारे नळ झाले. १९१९ साली त्यांच्या आणि भागीदारांच्या ‘लॉयल्टी’ जहाजाने मुंबईहून विलायतेचा प्रवास केला. ते ज्या दिवशी निघाले, तो ५ एप्रिल आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. आपल्या लहानपणी खिशात असायची ती रावळगावची गोळी, आणि इंदापूरकडचे वालचंदनगर, हाही त्यांचाच पसारा.

विमानाचे वेड मात्र उशिरा लागले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. १९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्याची बोलणी करायला ते अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली भेटले. या अमेरिकन गृहस्थांनी चीनमध्ये विमानाचा कारखाना चालवला होता. वालचंदशेठनी मोटारी बाजूला ठेवल्या आणि विमानांचा विषय काढला.

त्यानंतर जे झाले ते इतक्या वेगाने झाले, की बँकवाल्याला धापच लागावी. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जमीन दिली, संस्थानाचे पंचवीस लाख रुपये घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची नोंदणी झाली. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार तिसरे भागीदार झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिले विमान उडाले. ते होते हार्लो जातीचे, शिकाऊ वैमानिकांसाठीचे छोटे विमान. सुटे भाग अमेरिकेहून आले होते, जोडणी मात्र आपल्या हातांची होती.

याच कारखान्यात विष्णु माधव घाटगे होते, कोल्हापूरकडच्या हसूर गावचे. जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनच्या विमानांबाबत निर्बंध आले, तेव्हा तिथली पोरे ग्लायडरवर उडायला शिकली. त्या शिकाऊ ग्लायडरला बसायची जागा एकच. गुरुजी जमिनीवर उभे, सोबती रबरी दोर ओढणार, आणि नवशिका एकटाच पुढे. पहिली उडी काही फुटांची.

घाटग्यांनी बंगळूरला आखलेला ग्लायडर दहा जणांना वाहून नेणारा होता. इंजिने परदेशातून यायची. ग्लायडरला त्यांची गरजच नव्हती. युद्धाच्या त्या वर्षांत तो एकच बांधला गेला. पण आराखडा इथला होता.

तोवर कारखाना वालचंदशेठचा राहिलेला नव्हता. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या होत्या. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने वालचंदशेठ आणि त्यांच्या भागीदारांचे भाग विकत घेतले. नोंदणीपासून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. पुढे तिथे अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीचे मोठे काम चालले. माणूस मात्र बसून राहिला नाही. विशाखापट्टणमच्या गोदीचे काम सुरूच होते, १९४४ मध्ये मुंबईला प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. त्याआधी, ऑगस्ट १९५१ मध्ये, घाटग्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान बंगळूरला उडाले होते. सगळी आखणी इथली, मालक सरकार.

मी अनेकदा मनाशी खेळ खेळतो. वालचंदशेठचे विमानाचे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर? इंजिन बाहेरचे, सुटे भाग बाहेरचे, तज्ज्ञ भाड्याचे, प्रवर्तकाला विमानाचा शून्य अनुभव. मी नामंजूर केले असते. आणि नियमाने पाहिले तर माझे चुकलेही नसते, कारण सव्वा वर्षात मालकी गेलीच. पण कारखाना उरला. १९६४ मध्ये त्याचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले आणि ते आजही विमाने बांधते. मालक टिकला का, हे माझ्या फॉर्मवर विचारलेले असे. काम टिकेल का, याला रकाना नव्हता.

सोलापुरात असताना यंत्रमागाचे सुटे भाग बनवू पाहणारा एक पोरगा माझ्याकडे आला होता. तारण अपुरे, अनुभव नाही, असा शेरा मारून मी कागद परत केले. तो पुन्हा माझ्या टेबलाशी आला नाही.

२०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुलाने फोन करून आठवण काढली. बसमधली ती हकिकत त्याच्या लक्षात होती. मला आठवला तो कागद परत घेऊन जाणारा पोरगा. दोर ओढायची पाळी माझी होती, आणि मी नुसता हिशेब तपासत बसलो होतो.